दोन खाचांची परवानगी

अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं एक सोपं गणित करून पाहू. टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक 1 धरा. गाडीचं सगळं वजन फिरवणाऱ्या चाकांवर आहे, इंजिनाची ताकद अमर्याद आहे, हवेचा अडथळा नाही, अशा सगळ्या सवलती देऊन टाका. तरी या गाडीला 1 ‘जी’पेक्षा, म्हणजे वरून सोडलेला दगड जितक्या त्वरणाने खाली येतो त्यापेक्षा, जास्त त्वरण मिळणार नाही. कारण तिला पुढे ढकलणारी एकच गोष्ट असते, टायरखालचं घर्षण. मग जागेवरून निघून पाव मैल, म्हणजे 402 मीटर, कापायला तिला कमीत कमी किती वेळ लागेल? उत्तर येतं 9.06 सेकंद. शेवटच्या रेषेवर वेग असेल ताशी 320 किलोमीटर.

आता 2023 साली अमेरिकेत डॉजने आणलेली चॅलेंजर एसआरटी डेमन 170 घ्या. शोरूममधून विकत घेऊन नंबरप्लेट लावून घरी न्यायची गाडी. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींची, म्हणजे सरळ पट्टीवरच्या थोड्या अंतराच्या शर्यतींची, मुख्य संस्था एनएचआरए हिने प्रमाणित केलेली तिची पाव मैलाची वेळ 8.91 सेकंद आहे.

जाणकार इथे लगेच हरकत घेतील आणि ती रास्त आहे. ड्रॅग स्ट्रिपवर घड्याळ सुरू होतं ते गाडी साधारण फूटभर सरकल्यावर. ही फूटभराची सवलत पुस्तकातल्या गाडीलाही दिली तर तिची वेळ 8.8 सेकंदांच्या आसपास येते आणि डेमन थोडक्यात हरते. पण शेवटच्या रेषेवरचा वेग बघा. पुस्तकातली गाडी ताशी 320 ने पोचते, डेमन ताशी 243 ने. इतक्या कमी वेगाने पोचूनही वेळ जवळजवळ तेवढाच लागतो, याचा अर्थ सुरुवातीच्या टप्प्यात तिने पुस्तकाच्या परवानगीपेक्षा कितीतरी जास्त त्वरण उपसलं. कंपनीचा आकडा आहे 2.004 जी. त्या क्षणी गाडीची पुढची चाकं जमिनीवरून उचललेली असतात. म्हणजे जवळपास दोन टनांचं सगळं वजन मागच्या दोन टायरवर, आणि त्या टायरचा घर्षणांक 1 नव्हे, किमान 2.

या टायरचं नाव मिकी थॉम्पसन ईटी स्ट्रीट आर. मिकी थॉम्पसन हे खऱ्या माणसाचं नाव. 1960 मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी 406 मैलांचा वेग गाठणारा, आणि पुढे टायरच्या धंद्यात उतरलेला अमेरिकन. हा टायर समोरून पाहिला तर नक्षी अशी जवळजवळ नाहीच. रुंद, काळाभोर, सपाट पट्टा आणि त्यात गोल फिरत गेलेल्या दोन खाचा. आपल्याकडे असा टायर पाहून कुणीही म्हणेल, गोटा झालाय, बदलून घ्या. पण त्याच्या बाजूवर ‘डीओटी’ ही तीन अक्षरं उठवलेली आहेत, आणि अमेरिकेत तो रस्त्यावर चालवणं कायदेशीर आहे.

हे जमतं कसं, ते आधी रबराच्या बाजूने समजून घ्यावं लागतं. घर्षण फक्त वजनावर ठरतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही, असं आपण शाळेत शिकलो. लाकडाच्या ठोकळ्याला, लोखंडाच्या घसरगाडीला ते लागू पडतं. रबर मात्र हा नियम जुमानत नाही. रबराचे लांबलचक रेणू रस्त्याच्या खडीला अक्षरशः चिकटतात, ताणले जातात, सुटतात, पुन्हा चिकटतात. ही झाली पहिली पकड. दुसरी पकड खडीच्या उंचवट्यांची. रबर त्यांच्यावर दबतं, पण दबलेलं रबर लगेच मूळ आकारात येत नाही, थोडा वेळ घेतं. त्यामुळे प्रत्येक खड्याच्या पुढच्या अंगाला दाब जास्त आणि मागच्या अंगाला कमी राहतो, आणि त्या फरकातून ओढ तयार होते. दबण्या-सुटण्यात खर्ची पडलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. के. ए. ग्रॉश या संशोधकाने 1963 मध्ये दाखवून दिलं की रबराचं घर्षण वेगावर आणि तापमानावर अवलंबून असतं आणि हे दोन परिणाम एकाच नियमात बांधता येतात. रबर जितकं मऊ, जितकं योग्य तापलेलं आणि जितकं जास्त जागेवर पसरलेलं, तितकी त्याची खरीखुरी टेकलेली जागा जास्त.

पसरण्याचा हिशेब तर घरबसल्या करता येतो. आपल्या छोट्या गाडीच्या एका चाकावर पावणेतीनशे-तीनशे किलो भार असतो आणि हवा 32 पाउंडांची, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. भागाकार करा. एकेक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम पोस्टकार्डाएवढा. डेमनच्या मागच्या चाकावर निघताना हजार किलोच्या जवळपास भार येतो. ड्रॅग स्ट्रिपवर अशा टायरची हवा पंधरा-वीस पाउंडांपर्यंत उतरवतात. पंधरा धरली तर टेकलेली जागा येते हजार चौरस सेंटिमीटरच्या घरात, लांबी-रुंदी दोन्हीकडे फूटभर. टायरच्या स्वतःच्या कडकपणामुळे खरं उत्तर थोडं बदलेल, पण किती पट हे कळायला एवढं पुरे.

या सगळ्याचं टोक पाहायचं तर टॉप फ्युएल गाड्यांकडे जावं. त्यांची इंजिनं अकरा हजार अश्वशक्तीच्या आसपास असतात. 2008 साली न्यू जर्सीत स्कॉट कॅलिटा या चालकाचा मृत्यू झाला, तेव्हापासून या गाड्या पाव मैलाऐवजी हजार फूटच धावतात. ते अंतर त्या 3.7 सेकंदांच्या आत कापतात. आपल्या पुस्तकी गाडीला तेवढ्याला 7.9 सेकंद लागले असते. पुढे वेग वाढल्यावर मागचा मोठा पंख गाडीला जमिनीवर दाबतो हे खरं, पण सुटतानाच्या क्षणी पंख काहीच करत नाही. तिथे फक्त टायर असतो. त्याच्यावर एकही खाच नाही, आणि हवा सहा-सात पाउंड, म्हणजे आपल्या हिशेबाने टायर बसलेलाच.

या गाड्यांच्या सुटण्याची संथ केलेली चित्रफीत एकदा तरी पाहावी. आधी चालक पाणी टाकलेल्या जागेवर मागची चाकं उभ्या उभ्या गरागरा फिरवतो. पांढऱ्या धुराने गाडी झाकून जाते. हा दिखावा नसतो. टायरवरची धूळ-माती आणि वरचा निबर थर जळून जातो आणि आतलं रबर गरम, चिकट होतं. खालच्या पट्टीवरही चिकट रसायन फवारलेलं असतं आणि आधीच्या गाड्यांनी सांडलेलं रबर त्यावर थरावर थर बसलेलं असतं. मग दिवा हिरवा होतो. रिम फिरते, पण टायरचा जमिनीला टेकलेला भाग अजून जागचा हललेला नसतो. मधली बाजूची भिंत पीळ बसून सुरकुतते. क्षणभर सगळी ताकद त्या सुरकुत्यांत साठते आणि मग टायर ती सोडतो. पुढे वेग वाढला की केंद्रोत्सारी बलाने तोच टायर उंच आणि अरुंद होत जातो. गाडीला गिअरबॉक्स नसतो. टायरचा घेर वाढला की एका फेऱ्यात जास्त अंतर पडतं, म्हणजे वरच्या गिअरचं थोडं काम टायरच करतो. इंजिन सगळ्यांचं लक्ष वेधून घेतं, पण माझ्या मते त्या गाडीतली सर्वांत बुद्धिमान वस्तू हा टायरच आहे.

असा पूर्ण सपाट टायर अमेरिकेतही रस्त्यावर चालत नाही. त्याच्या बाजूवर तो फक्त शर्यतीसाठी असल्याचं छापलेलं असतं. पण ड्रॅग रेसिंगचा जन्मच रस्त्यावरच्या पोरांमधून झालेला. 1950 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी एनएचआरए स्थापन केली ती या पोरांना रस्त्यावरून उठवून पट्टीवर आणण्यासाठी. आठवडाभर कामाला जायची गाडी, आणि रविवारी तीच शर्यतीत. पैसा कमी, म्हणून टायरही तेच. त्या काळी जुन्या टायरवर गुळगुळीत रबर चढवून, म्हणजे आपल्याकडच्या रिमोल्डिंगसारखंच करून, सपाट टायर बनवत. साठच्या दशकात ‘चीटर स्लिक’ आले. सपाट पट्ट्यात नावापुरत्या दोन-तीन खाचा, पोलिसांना दाखवायला. नव्वदच्या दशकात बीएफगुडरिचने रेडियल बांधणीचा, रस्त्यासाठी प्रमाणित ड्रॅग टायर बाजारात आणला आणि त्या पळवाटेला रीतसर कारखान्याची शिस्त आली.

पण प्रमाणित म्हणजे काय? बहुतेकांना वाटतं, डीओटी म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याने टायर तपासून शिक्का मारला. तसं काहीच होत नाही. 1966 च्या वाहन सुरक्षा कायद्यापासून तिथली पद्धत अशी आहे की सरकार कसोट्या लिहून देतं आणि कारखानदार स्वतः जाहीर करतो की माझा टायर त्यांत बसतो. डीओटी ही अक्षरं म्हणजे कारखानदाराची हमी. सरकार नंतर बाजारातून टायर विकत घेऊन तपासतं, आणि हमी खोटी निघाली तर माल परत बोलवावा लागतो. अक्षरांपुढे कारखान्याचा संकेत असतो आणि शेवटी चार आकडे. 2324 असेल तर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आपल्याकडच्या टायरवरही हे चार आकडे सापडतात. नवा टायर घेताना दुकानात वाकून ते जरूर वाचावेत.

त्या कसोट्या वाचल्या की कोडं उलगडायला लागतं. रेडियल टायर फिरत्या ड्रमवर ताशी 120 किलोमीटरने सलग 34 तास पळवतात, भार टप्प्याटप्प्याने वाढवत. मग हवा कमी करून आणखी दीड तास. वेगाची कसोटी वेगळी, अर्ध्या अर्ध्या तासाने ताशी 140, 150, 160. टायर रिमवरून निसटतो का, गोल टोकाचा दांडा दाबला तर फाटतो का, हे बघतात. आणि परिघावर किमान सहा ठिकाणी झीज दाखवणाऱ्या खुणा हव्यात, खाच 1.6 मिलिमीटर उरली की त्या पृष्ठभागाच्या पातळीला येतात. बस. टायर टिकतो का, फुटत नाही ना, आणि आपलं म्हातारपण दाखवतो का, एवढंच कायदा विचारतो. नव्या टायरवर नक्षी किती दाट हवी हे तो विचारत नाही. झिजल्याची खूण दाखवायला खाच लागते, म्हणून खाच हवी. दोन असल्या तरी चालतात.

ओल्या रस्त्यावरची पकड? तिची कसोटी आहे, पण ती ग्राहकाच्या माहितीसाठी, एए, ए, बी, सी अशा प्रतींत. ‘सी’ मिळाली तरी टायर विकता येतो. त्याच वर्गवारीत झिजेचाही एक आकडा असतो. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळ 400 मैलांच्या सार्वजनिक रस्त्यांच्या फेऱ्यावर गाड्यांचा ताफा 7,200 मैल चालवून तो काढतात. संदर्भाच्या टायरला 100 धरतात, रोजच्या वापराचे टायर चारशे-पाचशेच्या पुढे असतात. कित्येक ड्रॅग रेडियलवर या जागी लिहिलेलं असतं 00. इतका प्रामाणिक आकडा क्वचितच कुठल्या मालावर छापला जात असेल. युरोपातले नियम याहून कडक आहेत, तिथे रस्त्यावरच्या टायरला ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान पातळी गाठावीच लागते.

आता पाणी. नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात विमानं ओल्या धावपट्टीवरून का घसरतात याचा अभ्यास केला. त्यातून एक थक्क करणारं सूत्र निघालं. साठलेल्या पाण्यावर टायर कुठल्या वेगाला जमीन सोडून तरंगायला लागतो हे जवळजवळ फक्त त्यातल्या हवेच्या दाबावर ठरतं. दाबाचं वर्गमूळ काढा, 10.35 ने गुणा, उत्तर ताशी मैलांत. कारण सरळ आहे. समोरचं पाणी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात टायरला उचलतं, आणि टायर खाली दाबतो तो आपल्या हवेच्या दाबाने. ज्या वेगाला हे दोन दाब जुळतात, तिथे टायर पाण्यावर चढतो. 32 पाउंडांना हे उत्तर येतं ताशी 94 किलोमीटर, 15 पाउंडांना ताशी 64.

हे सूत्र गुळगुळीत टायरला, किंवा पाणी खाचांपेक्षा खोल असेल तेव्हा लागू पडतं. नव्या साध्या टायरची खाच आठ मिलिमीटरच्या आसपास खोल असते आणि आडव्या-तिरक्या खाचांचं जाळं पाण्याला बाजूला वाट काढून देतं. म्हणून तो बऱ्याच पावसात या सूत्राच्या तडाख्यातून सुटतो. ड्रॅग रेडियलच्या खाचा मोजक्या आणि उथळ. तो नवा कोरा असतानाच जवळजवळ त्या सूत्राच्या हद्दीत जन्मतो. शर्यतीहून परतताना कुणी हवा पुन्हा भरायची विसरला आणि वाटेत पाऊस लागला, तर ताशी साठ-पासष्टलाच स्टिअरिंग हलकं लागायला लागेल. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याच्या टायरमध्ये काहीच खोट नाही. या टायरना थंडीही सोसत नाही. उबेत मऊ राहावं म्हणून घडवलेलं हे रबर थंडीत निबर होतं आणि कडाक्याच्या थंडीत नुसतं हाताळलं तरी त्याला तडे जाऊ शकतात, असा इशारा अशा टायरचे कारखानदार स्वतःच देतात.

टायर एकदा गाडीवर चढला की पुढचा प्रश्न राज्यांचा. बऱ्याच अमेरिकी राज्यांत खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. कॅलिफोर्निया साध्या गाड्यांना त्याच्या निम्म्यापर्यंत सूट देतं. टेक्सासने तर 2025 पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद केली. मुळात उथळ खाच, त्यात मऊ रबर आणि दर शर्यतीआधी धूर काढण्याची सवय. त्यामुळे हे टायर कायदेशीरपणाच्या रेषेवर फार दिवस राहत नाहीत.

या खेळातली माणसं हे सगळं जाणून असतात. ‘हॉट रॉड’ मासिकाने 2005 पासून ‘ड्रॅग वीक’ सुरू केला. पाच दिवस, रोज एक शर्यत, आणि एका पट्टीवरून दुसरीकडे त्याच गाडीने सार्वजनिक रस्त्यावरून जायचं. एकूण प्रवास हजार मैलांच्या आसपास. मदतीची गाडी मागे ठेवायची नाही. 2019 मध्ये टॉम बेली यांच्या 1969 च्या कॅमॅरोने इथे पाव मैल 5.99 सेकंदांत कापला. अशा गाड्यांच्या मागे बहुधा एक छोटं ट्रेलर असतं, त्यात हत्यारं आणि टायरचा दुसरा जोड. पट्टीवर पोचलं की जॅक लावायचा, रस्त्याची चाकं उतरवायची, शर्यतीची चढवायची. धावून झालं की पुन्हा उलटं. मधल्या वर्गातले स्पर्धक ड्रॅग रेडियलवरच सगळी वाट काटतात आणि आभाळाकडे बघत चालवतात.

ड्रॅग टायरशिवायही पुस्तकातली मर्यादा ओलांडता येते हे अलीकडे विजेच्या गाड्यांनी दाखवलंय. क्रोएशियाच्या रिमाक नेव्हेराने 2023 मध्ये जर्मनीतल्या चाचणी पट्टीवर पाव मैल 8.25 सेकंदांत कापला, मिशेलिनच्या रस्त्यासाठी मान्य असलेल्या टायरवर. चारही चाकं फिरतात, म्हणजे गाडीचं सगळं वजन कामाला येतं. शिवाय प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर आणि घसरणं सेकंदाच्या बारीकशा भागात आवरणारा संगणक. मागच्या दोन चाकांवर सगळा डोलारा उभा करण्याची अमेरिकन हौस यापुढे किती टिकेल, सांगवत नाही.

आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरते, आणि तिथल्या गाड्या पाहून आल्यावर कुणालाही अमेरिकेतून असा जोड मागवावासा वाटू शकतो. डीओटीची अक्षरं इथे कामाची नाहीत. 2009 च्या गुणवत्ता आदेशाने मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं केलं. जून 2020 मध्ये नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत गेली, म्हणजे परवान्याशिवाय मागवता येत नाही. ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान पातळी 2022 च्या अधिसूचनेने आपल्या नियमांतही आली. मोटारीच्या टायरची खाच किमान 1.6 मिलिमीटर हवीच, दुचाकीला 0.8 चालते. तेव्हा शर्यतीचा जोड शर्यतीपुरताच. तो डिकीत टाकून न्यायचा, धावपट्टीच्या कडेला चढवायचा, आणि घाट उतरायच्या आधी जुना जोड लावून हवा 32 करून घ्यायची.